संध्याकाळची नफरी

गेनबाआबा नमस्कार करायच्या आधी माणसं मोजत. आमच्या उंबऱ्यात उभं राहून उजव्या हाताचं बोट हवेत टोचत टोचत ते घरातल्या सगळ्यांवरून नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "सा. एक कमी हाय. कुठाय?" आई आतूनच सांगायची, "धाकटी नळावर गेलीय, आबा." तेव्हा कुठं ते 'जयभीम' घालून आत यायचे. लग्नात मोजायचे, बारशात मोजायचे. मयतीला तर जाताना आणि येताना दोन्ही वेळा मोजायचे, आणि एक आकडा कमी आला की मान हलवायचे. जणू हिशेब बरोबर आहे, पण पटलेला नाही.

एस.टी.त त्यांच्यामुळे भांडणं होत. कंडक्टर मोजायला लागला की आबा मागच्या बाकावरून आकडा सांगून मोकळे. "बावन्न हायती. तुम्ही त्या खांबामागल्या म्हातारीला दोनदा मोजलं." कंडक्टर चिडून पुन्हा मोजायचा. बावन्नच निघायचे.

या मोजणीला आबा 'नफरी' म्हणत. शब्द पलटणीतला. नफरी म्हणजे हजर माणसांचा आकडा. आबा पलटणीत हवालदार क्लार्क होते, पेन्शनीत निघून दौंडला आमच्या वस्तीत, रेल्वे लायनीच्या कडेला दोन खोल्यांत एकटे राहत. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. बाहेरच्या खोलीत खाट. आतल्या खोलीत युद्ध.

हे युद्ध नीट सांगितलं पाहिजे.

एका जुन्या दाराची फळी दोन ट्रंकांवर आडवी टाकलेली. तिच्यावर भीमेच्या पात्रातली चाळलेली वाळू. वाळूत डोंगर, दरी, दरीवर लाकडाच्या ढलप्यांचा पूल. पलटणीत साहेबलोक असंच वाळूचं मैदान करून लढाई शिकवत, तिथून आबांनी ते उचललेलं. एका बाजूला निळा मुलूख, दुसऱ्या बाजूला तांबडा मुलूख. हे देश जगाच्या नकाशात नाहीत, पण आबांच्या तोंडी त्यांची बातमी रोज ताजी असायची. शिपाई म्हणजे चिंचोके, निळ्यांचे कपड्याच्या निळीत बुडवलेले, तांबड्यांचे कावेत. मशीनगन म्हणजे घोड्याच्या नालाचा खिळा. ट्रक म्हणजे काडेपेटी. नेम लागला की नाही ते सहा कवड्या टाकून ठरायचं. चाराहून जास्त उताण्या पडल्या की समोरचा चिंचोका उचलायचा.

पण चिंचोके हलवणं हा शेवटचा भाग. आबांचा खरा जीव यादीत. डाव मांडायच्या आधी दोघांनी आपापल्या फौजेची यादी करायची. फौज हजार मार्कांची, एक मार्क जास्त चालणार नाही. शिपायाला दहा मार्क, मशीनगनला साठ, मॉर्टरला नव्वद, वायरलेसला चाळीस, खेचराला पंधरा. कुणी किती काय घ्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. "लढाई यादीतच हरत्यात," आबा म्हणायचे, "म्होरं मैदानात नुस्ती सही व्हती." यादी कॉपिंग पेन्सिलीनं, कार्बन घालून तीन प्रतींत. एक आपल्याला, एक शत्रूला, एक 'वर'. वर म्हणजे छतालगतच्या फडताळावर, कारण त्याच्याहून वरचा अधिकारी आबांकडं कुणी नव्हता. तिन्ही प्रतींवर बटाटा कोरून केलेला शिक्का. खाडाखोड चालायची नाही. एक अक्षर चुकलं की कागद फाडून पुन्हा पहिल्यापासून.

दुष्काळाच्या त्या सालात दौंडमध्ये त्यांच्याशी खेळायला उरलेला शत्रू मी एकटाच. मी आमच्या वस्तीतला पहिला बी.ए. आबांनी माझं नाव कधी घेतलं नाही, 'बी.ए.'च म्हणायचे. दुष्काळी कामं निघाली तेव्हा मला कवठे येमाईच्या पाझर तलावावर मस्टर कारकुनाची, म्हणजे मजुरांची हजेरी मांडायची, नोकरी लागली होती. आठवडाभर कवठ्याला राहायचं, शनिवारी संध्याकाळी शिरूरवरून दौंडला यायचं. रविवारी दुपारी जेवण झालं की आबांच्या आतल्या खोलीत तांबडा मुलूख माझ्या ताब्यात.

माझी पहिली यादी त्यांनी पास केली नाही. चाळीस शिपाई, पाच मॉर्टर, दोन खेचरं, एकशेवीस मार्कांचा दारूगोळा. बेरीज चोख हजार. आबांनी कागद परत केला.

"नावं कुठायत?"

"कुणाची?"

"शिपायांची. चिंचोका पडला की यादीत काट मारायची असती. काय लिहू, चिंचोका गेला?"

मग मी चाळीस नावं लिहिली. तांबड्या मुलखातल्या माणसांची नावं काय असतात मला ठाऊक नव्हतं, म्हणून आपलीच लिहिली. आबांनी चष्मा कपाळावर चढवून एकेक वाचलं. एक नाव दुसऱ्यासारखं नको, हा त्यांचा सगळ्यात कडक नियम. 'लक्ष्मण' घेतला तर 'लखू' चालायचा नाही. आणि नुसतं नाव पुरायचं नाही, बापाचं नाव पाहिजे, गाव पाहिजे, ओळखीची खूण पाहिजे. 'नामदेव विठू, राहणार केडगाव, उजव्या भुवईवर व्रण.' लढाईत केडगावचा नामदेव विठू पडला की आबा त्याच्या नावावर सरळ रेघ मारत आणि मोठ्यानं वाचत, "नामदेव विठू, गेला." माझी माणसं पडली तरी त्याच आवाजात वाचत. हसावं की टोपी काढावी, कळायचं नाही.

त्यांच्या स्वतःच्या यादीला मात्र मी मनसोक्त हसत असे. निळा मुलूख पुलावर बारा माणसं ठेवायचा, ती कायमची. उरलेल्या मार्कांत माणसानं मशीनगन घ्याव्यात. आबा घ्यायचे आचारी, न्हावी, धोबी आणि टपाल आणणारा. आणि यादीच्या तळाशी, वर्षानुवर्षं, एक ओळ: 'रजेवर, एक. मार्क दहा.' हा रजेवरचा निळा चिंचोका वेगळ्या काडेपेटीत घालून खिडकीच्या चौकटीवर ठेवलेला असे. तो लढाईत यायचा नाही.

"आबा, दहा मार्क फुकट गेले," मी म्हणायचो.

"ज्या फौजेतलं एकबी माणूस रजेवर न्हाई, ती फौज न्हवं. टोळी."

आणि जिंकणं-हरणं त्यांच्या हिशेबी पुलावर नव्हतं. पूल मी दर रविवारी घ्यायचो. "घे," आबा म्हणायचे, "पूल काय, सरकार दुसरा बांधंल." त्यांना एकच पाहिजे होतं. सकाळच्या नफरीला बारा, संध्याकाळच्या नफरीला बारा. पुलावरची बाराच्या बारा माणसं दिवस मावळायच्या आत दरी ओलांडून परत आली पाहिजेत. एवढ्यासाठी ते दर आठवड्याला नवी यादी बनवत. कधी धुराचे गोळे घेतले, कधी जास्त खेचरं, एकदा तर नावाडी घेतले, दरीत पाणी नसताना. पण कधी चार परत यायचे, कधी सात. एकदा अकरा आले, तेव्हा आबांनी जेवण केलं नाही.

वाचक म्हणतील, म्हाताऱ्या माणसाला एकदा जिंकू द्यायचं होतं. मला ते जमत नाही. मला कुणी मार्क वाढवून दिले नाहीत, मीही कुणाला दिले नाहीत. हे मी आबांना तोंडावर सांगितलं होतं. ते म्हणाले, "सोडलेला डाव मला नकोच हाय. त्यो मोजता येत न्हाई."

डाव संपला की चहा व्हायचा आणि आबा माझ्या कामाची नफरी विचारायचे.

"कवठ्याची नफरी?"

"एकशे बेचाळीस."

"बाया किती?"

"ऐंशीच्या आसपास."

"आसपास म्हंजी? आसपास किती असत्यात?"

"ब्याऐंशी, आबा."

"कोण आजारी? कोण गैरहजर?"

मी सांगायचो. मला वाटायचं, मोजायचा रोग आहे, दौंडची माणसं मोजून संपली, आता शिरूर तालुका घेतलाय.

एका रविवारी लढाई ऐन रंगात होती. बारांपैकी दहा अजून उभे होते, आबांच्या कपाळावर घाम. मी गंमत म्हणून आठवड्यातला किस्सा सांगायला घेतला. माझ्या मस्टरवर बापलेक होते. आपल्याकडं नातवाला आजाचं नाव ठेवतात, त्यामुळं बाप दगडू किसन आणि पोरगा किसन दगडू. बाप कुठंतरी सोयरिकीला गेलेला. मी घाईत गैरहजेरी मांडली ती किसन दगडूच्या नावापुढं. आणि किसन दगडू माझ्यासमोर, हातात पहार घेऊन उभा. "साहेब," तो म्हणाला, "मी हाय का न्हाई तेवढं सांगा. न्हाय तर घरी जातो." बाया पाट्या खाली ठेवून हसल्या. मुकादम हसला. मीही हसलो. हजेरी दुरुस्त केली, झालं.

आबा हसले नाहीत. त्यांच्या हातात सहा कवड्या होत्या. त्या त्यांनी टाकल्या नाहीत, हळूच वाळूवर ठेवल्या, एकेक करून.

"लगीच दुरुस्त केलंस?"

"तिथल्या तिथं."

"खाडाखोड झाली आसंल."

"झाली. त्याला काय झालं?"

आबा खिडकीकडं बघत राहिले. मग लढाई तशीच ठेवून खाटेवर येऊन बसले, आणि मला जे सांगितलं ते यादी वाचावी तसं सांगितलं.

"माझ्या कंपनीत बी दोन व्हते. नात्यातलं न्हवं, नावं तेवढी तशी. सखाराम बबन, राहणार कवठं येमाई. आन् बबन सखाराम, तळेगाव ढमढेऱ्याचा. आमी वर डोंगरात. रजेची यादी माझ्याकडं. सायबानं तोंडी सांगितलं, सखाराम बबनला रजा. चवदा म्हैनं त्येनं घर बघितलं न्हवतं, लगीन नवं. मी टाईप केली. बबन सखाराम."

"चुकून."

"चुकून. सायबानं सही केली. बबनला वाटलं नशीब उघडलं, त्यो गेला खाली. दुसऱ्या सकाळी सखाराम आला माझ्याकडं. म्हणला, 'क्लार्कसाब, माझं नाव व्हतं नव्हं?' मी यादी बघितली. चूक दिसली मला, बी.ए. तवाच दिसली. सायबाकडं जायाचं, म्हणायचं माझी चूक झाली, यादी फाडायची, पुन्ना टाईप करायची. सायब सगळ्यांना दाखवायचे, गेनबाची यादी बघा, एक डाग न्हाई. मी सखारामला म्हणालो, 'म्होरल्या यादीत घालतो.' त्यो म्हणला, 'बरं.' बबनच्या जागी सखाराम पुलावर गेला. बारा माणसं."

"आणि?"

"चवथ्या दिशी सकाळची नफरी मी लिवली. बारा. संध्याकाळची बी मलाच लिहावी लागली."

आकडा त्यांनी सांगितला नाही. मी खिडकीच्या चौकटीवरच्या काडेपेटीकडं पाहिलं.

"हां," आबा म्हणाले. "त्येला मी तवापस्नं रजेवर धाडलाय."

मग मला कवठ्याच्या नफरीचा अर्थ लागला. माझ्या मस्टरवर एक बाई होती, हौसा सखाराम. उंच, कमी बोलणारी, बाया हसल्या तेव्हा न हसलेली. तिचा नवरा पलटणीत असताना वारला, एवढं मला माहीत होतं. आबा इतके महिने ब्याऐंशी बायांमधून तिची एकटीची हजेरी घेत होते.

त्या आठवड्यात मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब लिखाण केलं. पुढच्या रविवारी ते आबांसमोर ठेवलं. तांबड्या मुलखाची यादी. शिपाई शंभर, मार्क हजार. मॉर्टर नाही, मशीनगन नाही, खेचर नाही. शंभरच्या शंभर शिपायांपुढं एकच शेरा: रजेवर.

"नियमात बसतं का?" मी विचारलं. "मी डाव सोडत नाही. यादी केली आहे."

आबांनी पहिली बेरीज तपासली, मग नावं. शंभर नावं, बापांची नावं, गावं, खुणा. मी शिरूरच्या एस.टी. स्टँडवर बसून लिहिली होती, तलावाच्या बांधावर बसून लिहिली होती, एकसारखं एक येऊ नये म्हणून जिवाचं रान केलं होतं. आबांनी चहा होऊन गार होईपर्यंत वाचलं. मग एक बोट एका ओळीवर ठेवलं आणि दुसरं बोट खालच्या ओळीवर.

"चौतीस. किसन दगडू. एकाहत्तर. दगडू किसन."

मी कागद ओढून घेतला. होतं. माझ्या हातानं लिहिलेलं, वळणदार अक्षरात. एका आठवड्यापूर्वी हीच दोन नावं मी हसत हसत सांगितली होती आणि त्यावरून हे सगळं ऐकलं होतं, तरी.

"बी.ए. होऊन बी," आबा म्हणाले. टोचून नाही. उलट, कित्येक वर्षांनी पाठीवरचं पोतं कुणीतरी क्षणभर उचलून धरावं, तसा त्यांचा आवाज होता.

मी यादी फाडायला गेलो. त्यांनी हात धरला. खिशातली पेन्सिल काढून त्यांनी चौतीसपुढची खूण खोडली आणि 'हा पोरगा' असं लिहिलं, एकाहत्तरपुढं 'हा बाप'. आबांच्या घरात मी पाहिलेली ती पहिली खाडाखोड. मग शिक्का मारला.

डाव मांडला. निळ्यांचे बारा पुलावर, समोर कुणी नाही. नियमाप्रमाणं आबांनी दिवसाचे सगळे फेरे खेळले. बारा चिंचोके एकेक करून दरी ओलांडून आले. आबांनी बोट टोचत मोजले. सकाळची बारा, संध्याकाळची बारा.

मला वाटलं, आता तरी हसतील.

"आले," ते म्हणाले. "लढाईच झाली न्हाई, म्हणून आले. घरी बसून समदेच जित्ते ऱ्हात्यात." वाळूवरून हात फिरवून त्यांनी पूल मोडला, डोंगर मोडला, सगळं सपाट केलं. मग म्हणाले, "वसंता, शिरूरची पहिली गाडी कवा असती?"

माझं नाव त्यांना माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं.

सोमवारी आम्ही दोघं दौंडहून शिरूर आणि शिरूरहून कवठ्याला आलो. आबांनी कडक इस्त्रीचा कोट घातला होता, त्या उन्हात. तलावावर मी हजेरी घेत असताना ते माझ्या टेबलामागं सावधान उभे होते. मी एकेक नाव वाचत गेलो.

"हौसा सखाराम."

"हजर."

हजेरी संपल्यावर आबा तिच्यापर्यंत चालत गेले. मी मागं होतो. ती पाटी भरत होती. आबा म्हणाले, "बाई, तुमच्या मालकाची रजा मंजूर झाली व्हती. यादी मी करायचो. मी नाव उलटं लिवलं. मला लगीच कळलं व्हतं आन् मी दुरुस्त केलं न्हाई."

हौसाबाईनं फावडं टेकवलं आणि त्यांच्याकडं पाहिलं.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "तळेगावचा बबन आला व्हता तवाच. दारात बसून रडला. म्हणला, कारकुनानं नाव चुकवलं. मी म्हणलं, त्या कारकुनाचं नाव काय. त्येला क्लार्कसाब एवढंच ठावं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "इतकी वर्सं शिव्या द्यायच्या तर नुसतं कारकून म्हणून द्याव्या लागल्या. कुणाला लागत्यात असल्या शिव्या? तुमचं नाव सांगा."

आबांच्या टाचा जुळल्या. "गेनबा तुकाराम. हवालदार क्लार्क. राहणार दौंड."

"नीट सांगा," हौसाबाई म्हणाली. "गेनबा तुकाराम का तुकाराम गेनबा?"

"गेनबा तुकाराम."

"गेनबा तुकाराम," तिनं एकदा म्हणून बघितलं. मग पाटी डोक्यावर घेतली आणि बांध चढू लागली. तिनं शिव्या दिल्या की नाही, मला माहीत नाही. त्यानंतर तिला माझ्या मस्टरवर मी पुष्कळ दिवस पाहिलं, पण तिनं विषय काढला नाही, आणि विचारायची माझी प्राज्ञा नव्हती.

दुपारच्या गाडीला मी आबांना सोडायला गेलो. गाडीत चढण्याआधी त्यांनी कोटाच्या खिशातून काडेपेटी काढून माझ्या हातावर ठेवली.

"ह्येला हितंच ठिव. गावाला पोचला त्यो."

गाडी भरली. कंडक्टर मागून पुढं मोजत आला, पुढून मागं गेला, कपाळाला आठी घालून पुन्हा मोजू लागला. त्याचा आकडा जमत नव्हता. आबा खिडकीशी बसले होते, हात मांडीवर. मी खालून वाट बघत होतो. ते काही बोलले नाहीत. कंडक्टरनं तिसऱ्यांदा मोजायला घेतलं.